थोरलीचा पाण्यातला दिवस

पन्नासावं लागलं तेव्हा लेकीनं फोनवर विचारलं, "आई, काय आणू तुला? लाजू नकोस, सांग."

थोरलीनं जराही विचार केला नाही. "त्या गरम पाण्याच्या हॉटेलात एक दिवस," ती म्हणाली.

मग लेक म्हणाली, "तिथे? तुला? डोकं ठिकाणावर आहे ना?"

डोकं अगदी ठिकाणावर होतं. गेल्या दीड वर्षात ते इतकं ठिकाणावर कधीच नव्हतं. "गुरुवारचं काढ," थोरली म्हणाली. "आणि नाव तुझ्या सासरचं लाव. माझं नको."

घरात ती थोरली सून, म्हणून थोरली. पुढे नोकरीच्या जागीही हेच नाव चिकटलं, कारण तिचा धाकटा दीर तिथेच कामाला लागला आणि त्याच्या तोंडून एकदा ते निघालं. हॉटेल डोंगराच्या पायथ्याशी होतं. खाली जमिनीतून गरम पाण्याचा झरा येई, आणि त्या झऱ्यावरच सगळा डोलारा उभा होता. काचेच्या छताखाली मोठा हौद, बाजूला वाफेची खोली, तिच्यापलीकडे थंड पाण्याचा लहानसा हौद आणि पडून राहायला लांबलचक खुर्च्या. लोक लांबलांबून येऊन चार-चार दिवस राहायचे आणि अंगातून वाफा निघेपर्यंत डुंबायचे. थोरलीनं तिथे सतरा वर्षं काढली. पायऱ्या घासणं, फरशीच्या सांध्यातला काळपटपणा ब्रशनं काढणं, गाळण्या उपसणं, पाण्यात जंतू मारायचं औषध सोडणं, पाणी तपासून वहीत आकडे लिहिणं, ही तिची कामं. पाणी कसं आहे हे तिला वासावरून कळायचं. पण सतरा वर्षांत ती त्या पाण्यात कधी उतरली नव्हती. कामगारांनी पाण्यात उतरायचं नाही, हा तिथला पहिला नियम होता. घासताना हात कोपरापर्यंत गेला तर चालेल, त्यापुढे नाही.

आता दिराबद्दल सांगायला हवं. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तो पाचवीत होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे त्याचं दप्तर, त्याच्या डोक्यातल्या उवा, त्याची पाढ्यांची वही, सगळं हिच्याकडे आलं. गोवरात अकरा दिवस तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून होता. पुढे कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नापास झाला आणि घरात बसून राहिला, तेव्हा थोरलीनंच तेव्हाच्या मॅनेजरच्या हातापाया पडून त्याला टॉवेलच्या खिडकीत चिकटवून दिलं. पोरगा दिसायला देखणा, उंच, इंग्रजी सफाईदार. टॉवेलच्या खिडकीतून तो स्वागतकक्षात गेला, तिथून आतल्या कचेरीत, आणि नवव्या वर्षी मॅनेजर झाला.

ज्या दिवशी मॅनेजर झाला त्या दिवशी त्यानं तिला आत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"वहिनी, एक सांगू? राग मानू नका."

"सांगा की भाऊजी."

"तेच. भाऊजी घरी. इथे साहेब म्हणत जा."

तिला राग आला नाही. उलट घरी जाऊन तिनं नवऱ्याला हसतहसत सांगितलं, आपला धाकटा आता साहेब झाला बरं का. नवरा बसच्या कारखान्यात मेकॅनिक होता. आयुष्यभर इंजिनांजवळ राहून एका कानानं बहिरा झालेला. तोही हसला.

पुढची गोष्ट व्हॉल्व्हची. पंपघरात झऱ्याचं पाणी सरळ जमिनीतून येतं तिथे एक व्हॉल्व्ह होता, आणि तो गळायला लागला होता. झऱ्याचं पाणी तिथे इतकं कढत असतं की त्यात गार पाणी मिसळल्याशिवाय माणसाला बोट घालता येत नाही. थोरलीनं तीनदा सांगितलं, दोनदा तोंडी आणि एकदा लिहून. साहेब म्हणाले, बघू. चौथ्या वेळी सांगायची वेळच आली नाही. गाळणी बदलताना व्हॉल्व्ह सुटला आणि कढत पाण्याची धार तिच्या उजव्या पावलावर पडली. ती किंचाळली की नाही हे तिला आठवत नाही. एवढंच आठवतं की ती लंगडत बाहेर आली, समोर थंड हौद होता, आत कोणी नव्हतं, आणि तिनं काठावर बसून दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत आत सोडले. दारात एक पाहुणी उभी होती. पांढऱ्या झग्यातली वयस्क बाई. तिनं पाहिलं आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी सगळ्या कामगारांना थंड हौदाभोवती उभं केलं. पाहुण्यांची लेखी तक्रार आली आहे, ते म्हणाले. कामगार बाईचे पाय पाण्यात दिसले, पाहुण्यांना किळस आली. त्यांनी सगळ्यांदेखत हौद रिकामा करायला लावला. पाणी गुरगुरत खाली जाईपर्यंत कोणी हललं नाही. मग ते थोरलीकडे वळून म्हणाले, "घासून घ्या. तुमच्या पायांनी झालंय, तुम्हीच घासा."

पावलावर लिंबाएवढा फोड होता. त्यावर कापड गुंडाळून तिनं तो हौद घासला. बारा जण बघत होते. संध्याकाळी तिच्या हातात घरी बसायचं पत्र पडलं.

त्या रविवारी तो नेहमीसारखा जेवायला आला. हात धुता धुता म्हणाला, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. नोकरीचा भाग आहे तो."

थोरलीनं त्याला वाढलं. पुढच्या रविवारी वाढलं, त्याच्या पुढच्याही. चौथ्या रविवारी तिनं सगळ्यांच्या ताटात वाढलं आणि त्याचं ताट तसंच ठेवून भांडं आत नेलं. तो रिकाम्या ताटाकडे बघत बसला, मग उठून गेला. त्यानंतर आला नाही.

"आपलाच आहे तो," नवरा म्हणायचा.

"म्हणूनच," थोरली म्हणायची. परका असता तर ती केव्हाच विसरली असती. परक्याला आपण कशाकशातून काढलंय याची यादी डोक्यात नसते.

तिनं इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम धरलं. चादरींना इस्त्री करता करता ती दीड वर्ष एकाच गोष्टीचा विचार करत होती, आणि तो विचारही इस्त्रीसारखाच होता. जागच्या जागी, पुढेमागे, गरम.

गुरुवार तिनं उगीच निवडला नव्हता. हॉटेलच्या मालकीणबाई दर गुरुवारी चार वाजता गुडघे शेकायला मोठ्या हौदात उतरत. सत्तरीच्या होत्या, कोणाशी फारसं बोलत नसत, पण त्या पाण्यात असल्या की साहेब काठावर हात बांधून उभे राहत. आणखी एक गोष्ट थोरलीला माहीत होती. मोठ्या हौदाच्या भिंतीवर आरोग्य खात्याची एक पाटी होती. कोणत्याही स्नान करणाऱ्याला आपल्यासमोर पाणी तपासून मागण्याचा हक्क आहे, असं तिच्यावर लिहिलेलं. पाटीचे स्क्रू तिनंच पिळले होते. नंतर साहेबांनी पाटीसमोर एक भलीमोठी कुंडी आणून ठेवली.

आत नेमकं काय सापडेल हे तिला ठाऊक नव्हतं. पण ज्या जागेचा केर आपण सतरा वर्षं काढला तिथे कोपऱ्यात काहीतरी असतंच. तिच्या शेवटच्या महिन्यांतच साहेबांनी रोजचं पाणी बदलणं एकाआड एक दिवसावर आणलं होतं. माणूस एकदा असा घसरायला लागला की तिथेच थांबत नाही.

गुरुवारी सकाळी दहा वाजता ती पुढच्या दारानं आत गेली. सतरा वर्षांत पहिल्यांदा. पुढचं दार आपोआप उघडतं हे तिला माहीत होतं, तरी क्षणभर तिचा हात पुढे गेलाच.

स्वागतकक्षातली मुलगी नवी होती. तिनं यादीत नाव पाहिलं, हसली आणि थोरलीच्या मनगटाला नारिंगी पट्टा बांधला. "मॅडम, राहणाऱ्या पाहुण्यांना पांढरा असतो. बाहेरच्यांना नारिंगी. सहा वाजेपर्यंत आहे तुम्हाला."

"बाहेरच्यांना," थोरली म्हणाली. "बरं."

लेकीनं पाठवलेला पोहण्याचा पोशाख कोपर-गुडघे झाकणारा होता. डोक्याला रबरी टोपी घातली, वरून हॉटेलचा झगा चढवला आणि आरशात पाहिलं. कोणीही असू शकली असती. वकिलीणबाई, नाहीतर एखाद्या शाळेची मुख्याध्यापिका. अंगावर झगा आला की माणसाचा हुद्दा कळत नाही, हे तिनं सतरा वर्षं पाहिलं होतं. स्वतःवर पाहत होती आज.

मोठ्या हौदाशी ती आली तेव्हा काठाशी पाच-सहा जण डोळे मिटून पडले होते. भिंतीवरच्या फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलेलं: पाणी बदलले, आज पहाटे. औषध, योग्य. खाली साहेबांची सही, शेपटीला गिरकी घेतलेली. ती गिरकी तिनंच त्याला आठवीत शिकवली होती.

ती पायरी उतरली. पहिली, दुसरी. तिसरीवर पाय ठेवला आणि तिला हसू फुटलं. पायरी बुळबुळीत होती. रोज पाणी बदलतात त्या हौदाची पायरी अशी होत नाही, तीन-चार दिवसांचं पाणी लागतं त्याला. मग तिनं काठाशी नजर टाकली. पाणी जिथून वाहून जातं तिथे बारीक फेस जमला होता आणि फुटत नव्हता. नाक पाण्याजवळ नेलं. झऱ्याचा तो गंधकाचा वास होता, औषधाचा नावालाही नव्हता.

"सापडलास," ती मनात म्हणाली, आणि मानेपर्यंत पाण्यात बसली.

मग जे झालं त्याची तिनं तयारी केली नव्हती. तिला बरं वाटलं. सतरा वर्षं घासून घासून कुरकुरणारे गुडघे, इस्त्रीनं आखडलेला खांदा, पाठीचा तो एक मणका, सगळं एकेक करून सुटायला लागलं. जसं कोणीतरी मागून येऊन हातातलं ओझं काढून घ्यावं. काचेच्या छतावरून ढग सरकत होते. लोक इथे यायला का धडपडतात ते तिला आज कळलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिचा रागही सुटायला लागला. पोरगं मांडीवर डोकं ठेवून पडलंय, अंगात ताप आहे, हे तिला दिसायला लागलं. जाऊ दे, असं काहीतरी घशाशी यायला लागलं.

ती ताडकन उठून बाहेर आली. काठावर ओल्या अंगानं बसून राहिली. गारवा अंगाला झोंबला, दात वाजायला लागले, तेव्हा राग पुन्हा जागेवर आला. मग परत पाण्यात. असं तिनं सकाळभर केलं. राग सैल पडला की बाहेर, घट्ट झाला की आत. शेजारच्या बाईला वाटलं ही काही नवी उपचारपद्धत असावी. तिनं विचारलंसुद्धा, "याचा फायदा होतो का हो?"

"मला तरी होतो," थोरली म्हणाली.

बाराच्या सुमारास ती खिडकीशी एका लांब खुर्चीवर टेकली, तर गणवेशातला एक कर्मचारी अदबीनं वाकला. "माफ करा मॅडम, या खुर्च्या राहणाऱ्या पाहुण्यांसाठी. नारिंगी पट्ट्यांसाठी तिकडे बाक आहे." ती उठली. बाक शौचालयाच्या भिंतीला लागून होता. तिथेही राग घट्ट व्हायला बरीच मदत झाली.

पण खरं सांगायचं तर दुपारी जेवणानंतर ती पुन्हा पाण्यात गेली आणि बाहेर यायचंच विसरली. अर्धा तास, पाऊण तास. डोळे मिटले. उठावं, कपडे घालावेत आणि गपचूप घरी जावं, असं तिच्या मनात आलं. चांगला दिवस गेला. लेकीला तसंच सांगावं.

ती टॉवेल बदलून घ्यायला खिडकीशी गेली. आत आक्का होती. आक्का म्हणजे टॉवेलच्या खिडकीवरची जुनी बाई, थोरलीच्याच वयाची, बोलायला कंजूस. तिनं टॉवेल पुढे केला, हात पाहिला, मग तोंड पाहिलं.

"थोरली?"

"हळू."

आक्कानं इकडेतिकडे पाहिलं. खाली वाकून टॉवेलांची चवड उगाच सारखी करत ती म्हणाली, "आलीस ते बरं केलंस. मला तुला एक सांगायचं होतं. दीड वर्ष पोटात आहे. घरी यायचा धीर झाला नाही."

"काय?"

"ती तक्रार. मी कचेरीचा केर काढताना वाचली. टेबलावरच होती." आक्कानं आवाज आणखी खाली आणला. "त्यात किळसबिळस काही नव्हतं गं. त्या बाईनं लिहिलं होतं, तुमच्या कामगार बाईचा पाय भाजलाय, ती एकटी पाय पाण्यात सोडून रडत बसली होती आणि तिच्याकडे बघायला कोणी नाही. तिला डॉक्टर दाखवलात का, ते मला कळवा. असं होतं."

थोरलीनं हातातल्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

"व्हॉल्व्हचं अंगावर आलं असतं ना त्याच्या," आक्का म्हणाली. "तू तीनदा सांगितलेलं. म्हणून त्यानं तुझ्या पायांवर ढकललं. पाहुणीला कळवलं, बाई बरी आहे, स्वतःच नोकरी सोडून गेली."

सकाळपासूनचा आत-बाहेरचा खेळ तिथे संपला. आता पाण्यात कितीही बसलं असतं तरी राग सुटला नसता.

"हौद कधी भरलाय?" तिनं विचारलं.

"रविवारी."

"आज गुरुवार."

"ते तू मला सांगतेस?" आक्का म्हणाली. "औषधाचा पंपही तीन दिवस बंद आहे."

"मी आज काही केलं तर तुझ्यावर येईल का?"

आक्कानं जरा विचार केला. "सही त्याची आहे. मी टॉवेल देते."

साडेतीनला साहेब आले. मालकीणबाई यायच्या आधी एक फेरी असायचीच. करड्या कोटात, हातात वही, वाटेतल्या प्रत्येक पाहुण्याला मान लववत. थोरली बाकावर बसली होती. तिच्यापाशी येऊन त्यांनी तशीच मान लववली, "सगळं ठीक ना मॅडम?" आणि मग त्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"वहिनी? तुम्ही इथे?"

"वहिनी घरी," थोरली म्हणाली. "इथे मॅडम म्हणा."

त्याचे कान लाल झाले. लहानपणी चोरी पकडली की व्हायचे तसेच. तो बाकाच्या टोकाला टेकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काय चाललंय हे? कोणी पाहिलं तर? निदान मला आधी सांगायचं. मी गुपचूप एखाद्या दिवशी सोडलं असतं तुम्हाला."

"गुपचूप कशाला? तिकीट आहे माझ्याकडे." तिनं मनगट दाखवलं.

"वहिनी, मोठ्या बाई येताहेत आत्ता. तुम्ही ओळखीच्या आहात, त्यांच्या लक्षात येईल. मागच्या दारानं निघा ना. कामगारांचं दार उघडंच आहे. रविवारी मी घरी येतो, काय असेल ते बोलू."

थोरलीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. ती त्याला एक संधी देणार होती. देऊ नये असं वाटत होतं, पण अकरा दिवसांचा तो गोवर मध्ये येत होता.

"एकच विचारते," ती म्हणाली. "खरं सांगा, मी आत्ता उठून जाते. त्या बाईनं चिठ्ठीत काय लिहिलं होतं?"

त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही. "तेच, जे मी सांगितलं. तुमचे पाय पाहून त्यांना किळस आली. मला काय हौस होती का वहिनी? माझा नाइलाज होता."

"बरं," थोरली म्हणाली.

"मग निघताय ना?"

"सहा वाजेपर्यंत आहे मला," ती म्हणाली, आणि झगा काढून पाण्याकडे निघाली.

चार वाजता मालकीणबाई आल्या. काठीच्या आधारानं पायऱ्या उतरल्या, काठी वर आक्काकडे दिली आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून त्यांनी डोळे मिटले. हौदात त्या वेळी चौदा-पंधरा माणसं असतील. साहेब काठावर हात बांधून उभे होते. ते मालकीणबाईंकडे बघत नव्हते, थोरलीकडे बघत होते.

थोरली पाण्यातून चालत पाटीपाशी गेली. हात लांब करून तिनं कुंडी ढकलली. कुंडी जड होती, फरशीवर घासत करकरली, सगळ्यांची डोकी वळली. मग तिनं पाटीवरची ती ओळ मोठ्यानं वाचली. शाळेत उभं राहून वाचावी तशी, एकेक शब्द सुटा.

"मला पाणी तपासून हवंय," ती म्हणाली. "माझ्यासमोर."

"मॅडम," साहेब पुढे झाले, "तपासणी सकाळीच झाली आहे. फळ्यावर आहे."

"फळ्यावर आहे ते वाचलं. मला बघायचंय."

"यंत्र जरा दुरुस्तीला दिलंय."

"यंत्र कशाला? खालच्या कपाटात, दुसऱ्या फळीवर, निळ्या डबीत गोळ्या आहेत आणि काचेची नळी. पाण्यात गोळी टाकायची. औषध असेल तर पाणी गुलाबी होतं."

मालकीणबाईंनी डोळे उघडले. "त्या विचारताहेत तर करा की," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम आहे."

आक्का आधीच कपाटाशी पोचली होती. निळी डबी तिनं साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी वाकून नळी भरली. गोळी पहिल्यांदा बाहेरच पडली. दुसरी आत गेली, विरघळली. सगळे नळीकडे बघत होते. पाणी जसं होतं तसंच राहिलं.

"हलवा जरा," थोरली म्हणाली.

त्यानं हलवली. तसंच.

पहिल्यांदा एक तरुण जोडपं बाहेर पडलं. मग सकाळची ती शेजारीण, मग बाकीचे, भराभर. मालकीणबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "पाणी कधी बदललं?" त्यांनी विचारलं.

"आज पहाटे, मॅडम."

"पुन्हा विचारते."

साहेबांनी ओठांवरून जीभ फिरवली. "रात्रपाळीच्या माणसांवर सोपवलं होतं. त्यांनी जर कामचुकारपणा केला असेल तर मी आजच त्यांना—"

"रविवारी बदललंय," आक्का म्हणाली. काठी धरून ती उभी होती, आवाज अगदी साधा. "रात्रपाळीला रोज साहेबच सांगतात, राहू दे. फळा सकाळी स्वतः लिहितात."

मालकीणबाईंनी थोरलीकडे तोंड वळवलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"तिसऱ्या पायरीवरून," थोरली म्हणाली. "सतरा वर्षं ती मी घासायची. मला तुम्ही ओळखणार नाही. मी ती, पाय भाजलेली."

म्हातारीच्या कपाळाला आठी पडली. "पाय भाजलेली सोडून गेली, असं मला सांगितलं होतं."

"सोडून नाही गेले. मला भाजल्या पायानं हौद घासायला लावला आणि मग काढलं. चिठ्ठी अजून कचेरीत असेल तर वाचा. नसेल तर आक्कानं वाचली आहे." थोरली थांबली. आणखी पुष्कळ बोलायचं तिनं दीड वर्ष ठरवून ठेवलं होतं. पण काठावर उभा असलेला तो माणूस आता तिच्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर तिला पुरली. "वहिनी, नका ना," एवढंच तो ओठांनी म्हणाला, आवाज न करता.

"मनाला लावून घेऊ नका, साहेब," थोरली सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नोकरीचा भाग आहे."

त्या संध्याकाळी मोठा हौद रिकामा झाला. थोरली तो बघायला थांबली नाही. नारिंगी पट्टा तिनं स्वागतकक्षातल्या मुलीला परत केला आणि पुढच्याच दारानं बाहेर पडली.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं चांगला कान पुढे करून शेवटपर्यंत ऐकलं. मग नऊ दिवस तो तिच्याशी बोलला नाही. दहाव्या दिवशी त्यानं तिच्या पावलावरचा डाग पहिल्यांदा नीट पाहिला. तोवर तिनं तो कधी दाखवला नव्हता आणि त्यानंही मागितला नव्हता. "एवढं होतं?" तो म्हणाला. ती म्हणाली, "एवढं होतं." त्यानंतर बोलणं सुरू झालं.

धाकटी जाऊ मात्र तणतणत आली. "तुम्ही आमच्या पोटावर पाय दिलात, जाऊबाई," ती दारातूनच ओरडली. थोरलीनं तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "तुझ्यावर माझा राग नाही. मुलांना काही कमी पडलं तर माझ्याकडे पाठव. त्याला पाठवू नकोस." जाऊ रडली, पाणी प्यायली आणि गेली. थोरलीला वाईट वाटलं का? जावेचं वाटलं. त्याचं नाही वाटलं. लोक म्हणतात सूड घेतला की माणूस आतून पोकळ होतो. थोरली महिनाभर वाट बघत होती, काही पोकळ झालं नाही. उलट तिला झोप चांगली लागायला लागली आणि भूकही.

त्याला मॅनेजरपदावरून काढून मालकीणबाईंनी आपल्या हमरस्त्यावरच्या छोट्या हॉटेलात भांडारावर बसवलं. साबण, पिशव्या, हातपुसणी मोजायचं काम. इकडे नव्या मॅनेजरीणबाईंना पाण्यातलं काही कळेना, तेव्हा थोरलीला निरोप आला. ती गेली, पण घासायला नाही. आठवड्यातून तीन दिवस पाणी तपासायचं आणि फळ्यावर स्वतःच्या हातानं लिहून सही करायची, असं ठरलं. व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी बदलून घेतला.

मग एका रविवारी, पाच-सहा महिन्यांनी, तो आला. वाळला होता. चपला दाराबाहेर काढून आत येऊन बसला, पूर्वीच्याच जागी. थोरलीनं चहा टाकला. त्यानं कपातला चहा दोन घोटांत संपवला, कप फिरवत राहिला.

"वहिनी, तुमचा शब्द चालतो आता तिथे," तो म्हणाला. "मॅनेजर नको मला. टॉवेलच्या खिडकीत घेतलं तरी चालेल. आक्का काम सोडतेय ना पुढच्या महिन्यात. तुम्ही मालकीणबाईंना एकदा म्हणून बघा."

नवरा खिडकीशी बसला होता. त्याला ऐकू आलं की नाही कोण जाणे, तो बाहेर बघत राहिला.

थोरलीनं कप उचलला, विसळून पालथा घातला. पदराला हात पुसले.

"विचार करते," ती म्हणाली.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. तो दर एक-दोन महिन्यांनी येतो, चहा पितो आणि विचारतो. थोरली त्याला नीट चहा देते, साखर विसरत नाही, मुलांची चौकशी करते. आणि सांगते, अजून विचार चाललाय.